ग्रेनेडाला स्वातंत्र्य नेमकं कधी मिळालं?

सागरवारा (धागाकर्ता)

मंडळी, लिहीन लिहीन म्हणता बरेच दिवस गेले. मी जहाजावर इंजिनीअर होतो, आता निवृत्त होऊन गुहागरकडे गावी असतो. कॅरिबियनच्या फेऱ्यांत ग्रेनेडाच्या सेंट जॉर्जेस बंदराला आमचं जहाज तीनदा लागलं. घोड्याच्या नालेसारखं बंदर, भोवती उभे डोंगर, उतारावर लाल कौलांची घरं आणि बंदराच्या तोंडाशी फ्रेंचांनी बांधलेला किल्ला. धक्क्यावर उतरलो तर जायफळाचा वास आला. पुरणात आजी उगाळून घालायची तोच. त्यांच्या राष्ट्रध्वजावरसुद्धा जायफळ आहे.

पहिल्या खेपेला धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या कामगाराशी गप्पा झाल्या. मी सहज विचारलं, तुम्हाला स्वातंत्र्य मिळालं त्या रात्री इथे मोठा सोहळा झाला असेल ना? ते म्हणाले, आम्ही संपावर होतो, धक्का बंद होता. मला वाटलं इंग्रजांविरुद्धचा संप असेल. तर नाही. ज्याच्या हाती इंग्रज देश सोपवून चालले होते, त्या आपल्याच माणसाविरुद्ध तो संप होता. हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. परत आल्यावर मिळेल ते वाचत राहिलो. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

आधी आकार सांगतो. कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक ही दोन धाकटी बेटं धरूनही क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा कमी. लोकसंख्या लाख-सव्वा लाखाच्या घरात. १४९८ साली कोलंबसाला बेट दिसलं. पण वसाहत केली ती फ्रेंचांनी, १६४९ च्या सुमारास मार्टिनिकहून येऊन. १७६२ मध्ये इंग्रजांनी जिंकलं, १७७९ मध्ये फ्रेंचांनी परत घेतलं, १७८३ च्या तहात पुन्हा इंग्रजांकडे गेलं. आफ्रिकेतून गुलाम आणून ऊस पिकवला. १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी कायद्याने संपली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली वेठ १८३८ पर्यंत चालू राहिली. ब्रिटिश सरकारने साऱ्या साम्राज्यात मिळून २ कोटी पौंड भरपाई दिली, तीही मालकांना. राबलेल्यांना छदाम मिळाला नाही.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गोऱ्या मळेवाल्यांची एक विधानसभा होती. ती १८७६-७७ मध्ये आपणहून विसर्जित झाली आणि बेट थेट राजसत्तेची वसाहत झालं. हळूहळू काळ्या लोकांच्या हाती मतं जातील, त्यापेक्षा लंडनहून आलेला गव्हर्नर परवडला, असा मालकवर्गाचा हिशोब होता.

त्याविरुद्ध पहिला नेटाने उभा राहिला तो टी. ए. मॅरिशो. जन्म १८८७. १९१५ मध्ये त्याने 'द वेस्ट इंडियन' हे वर्तमानपत्र काढण्यात पुढाकार घेतला. वेस्ट इंडीज वेस्ट इंडियनांचं असलं पाहिजे, हे त्याचं ब्रीद. प्रातिनिधिक राज्यकारभारासाठी संघटना केली, १९२१ मध्ये लंडनला जाऊन मागणी मांडली. त्याचा परिणाम म्हणून १९२५ पासून विधिमंडळात निवडून आलेले पाच सभासद बसू लागले. मतदार मोजकेच, मालमत्तेची अट होती. पण दार किलकिलं झालं. मॅरिशो तेव्हापासून मरेपर्यंत, ३३ वर्षं, सलग निवडून येत राहिला. त्याचं स्वप्न एकट्या ग्रेनेडाचं नव्हतं, सगळ्या बेटांच्या संघराज्याचं होतं.

ते संघराज्य ३ जानेवारी १९५८ ला अस्तित्वात आलं. मॅरिशो त्याच्या सिनेटमध्ये गेला आणि त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला वारला. संघराज्याचा शेवट त्याला पाहावा लागला नाही. १९६१ मध्ये जमैकाने सार्वमत घेऊन अंग काढून घेतलं. त्रिनिदादचे एरिक विल्यम्स म्हणाले, दहातून एक गेला की शून्य उरतं. तेही बाहेर पडले. ३१ मे १९६२ ला संघराज्य गुंडाळलं गेलं. मोठी बेटं स्वतंत्र झाली, लहान बेटं वाऱ्यावर राहिली.

३ मार्च १९६७ पासून ग्रेनेडा 'सहयोगी राज्य' झालं. घरचा कारभार स्वतःचा, संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटनकडे. तिथून ७ फेब्रुवारी १९७४ ला पूर्ण स्वातंत्र्य. हा प्रवास ज्याच्या नावाभोवती फिरतो तो एरिक गेरी. त्याच्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, कारण त्याच्याविषयी माझंच मत अजून ठरत नाही.

मृण्मयी_क

काका, छान लिहिलंय. ग्रेनेडा म्हटलं की मला फक्त अमेरिकेची स्वारी आठवायची. गेरीबद्दल जरूर लिहा, वाचतेय.

इतिहासवेडा

उत्तम धागा. दोन गोष्टी जोडतो. फ्रेंच आले तेव्हा बेट रिकामं नव्हतं, कालिनागो लोक होते. १६५१ मध्ये फ्रेंचांनी त्यांना उत्तर टोकापर्यंत हुसकत नेलं. हाती सापडण्यापेक्षा उरलेल्यांनी कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या. तिथल्या गावाचं नाव आजही सोतेर, फ्रेंच भाषेत 'उडी घेणारे'.

दुसरी गोष्ट ज्युलियँ फेदाँची. हा कॉफी-कोकोच्या मळ्याचा मालक, मिश्र वंशाचा, फ्रेंच बोलणारा, कॅथलिक. इंग्रज राज्यात अशा लोकांचे हक्क आणि त्यांचं चर्च दोन्ही दडपलं गेलं. फ्रान्समध्ये क्रांती झालेली, शेजारी हैती पेटलेलं. मार्च १७९५ मध्ये फेदाँने उठाव केला. हजारो गुलाम त्याला मिळाले. जवळजवळ १५ महिने सेंट जॉर्जेसचा परिसर सोडला तर बेट इंग्रजांच्या हातात नव्हतं. बंडवाल्यांनी लेफ्टनंट गव्हर्नर निनियन होमसह ४८ ओलिसांना ठार मारलं, हेही नोंदवायला हवं. जून १७९६ मध्ये उठाव चिरडला गेला, कित्येकांना फाशी झाली. फेदाँ मात्र कधीच सापडला नाही. जिवंत नाही, मेलेलाही नाही.

म्हणजे स्वातंत्र्याची सुरुवात १९१५ च्या वर्तमानपत्रापासून धरली तर एकशेवीस वर्षं सुटतात.

सागरवारा

@इतिहासवेडा, मान्य. फेदाँ मी गाळायला नको होता.

नीलिमा_जो

तिथे भारतीय वंशाचे लोक आहेत का? त्रिनिदाद, गयाना माहीत आहे, ग्रेनेडाचं कधी ऐकलं नाही.

इतिहासवेडा

आहेत. १ मे १८५७ ला 'मेडस्टोन' हे जहाज कलकत्त्याहून गिरमिटियांना, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांना, घेऊन उत्तर किनाऱ्याला लागलं. इकडे मेरठ पेटायला नऊ दिवस बाकी होते. १८९० पर्यंत ३,२०० च्या आसपास लोक आले, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. संख्या लहान आणि वस्ती विखुरलेली, त्यामुळे भाषा, धर्म फार टिकले नाहीत. मराठी माणसं या बाजूला जवळपास गेलीच नाहीत. मुंबईहून निघालेले आपले गिरमिटिये मॉरिशसला पोचले.

बागायतदार_लांजा

जायफळाबद्दल लिहितो, कारण माझ्या नारळी-पोफळीत पंचवीस झाडं आहेत, कोकण सुगंधा जातीची. ज्याने हे झाड लावलंय त्याला त्या बेटाचा इतिहास पटकन कळेल असं मला वाटतं.

रोपापासून लावलं तर झाड सात-आठ वर्षं काही देत नाही. फुलं आल्यावर कळतं की नर की मादी. नर निघाला तर तेवढी वर्षं वाया, म्हणून आपण कलमं बांधतो. पण एकदा लागलं की पिढ्यान्‌पिढ्या देतं, आणि देखभाल फार लागत नाही. ऊस तसा नाही. उसाला मोठा मळा, गिरणी, शेकड्यांनी मजूर लागतात. जायफळ घराच्या परसात दोन झाडं असली तरी मीठ-मिरचीचा खर्च सुटतो. खाली पडलेलं फळ बाई-पोरं वेचतात, जायपत्री सोलून वाळत घालतात.

ग्रेनेडात १८४३ मध्ये जायफळ आलं असं मानतात. गुलामगिरी संपलेली, ऊस कोसळत चाललेला. सुटलेल्या लोकांनी डोंगरात तुकडा तुकडा जमीन धरली आणि कोको, जायफळ लावलं. म्हणजे तिथे लहान शेतकरी तयार झाला. १९४७ मध्ये त्यांची जायफळाची सहकारी संस्था झाली. इंडोनेशियाच्या खालोखाल जगात त्यांचाच माल असायचा. सप्टेंबर १९५५ मध्ये जॅनेट वादळाने बहुतेक झाडं झोपवली. सागरवारा काका, विचार करा, संघराज्याच्या वाटाघाटी चालल्या होत्या तेव्हा इथल्या शेतकऱ्याच्या हातात पुढची सात-आठ वर्षं पीकच नव्हतं. २००४ च्या आयव्हन वादळाने तेच पुन्हा केलं. निसर्ग वादळात आमच्या वाडीतली पोफळ गेली तेव्हा मला हे वाचलेलं आठवलं होतं.

मृण्मयी_क

हा प्रतिसाद फार आवडला दादा.

संदीप_म

माझं मत जरा वेगळं आहे. शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर मी १९५१ असं देईन, १९७४ नव्हे.

गेरीचा जन्म १९२२ चा, ग्रेनव्हिल गावाजवळचा, गरीब घरातला. कामासाठी अरुबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात गेला, तिथे कामगार संघटनेचं काम शिकला आणि १९४९ च्या डिसेंबरात परत आला. १९५० मध्ये त्याने शारीरिक आणि बौद्धिक श्रमिकांची संघटना काढली. मळ्यांवरच्या मजुरांना तोपर्यंत कोणी विचारत नव्हतं. मॅरिशोबद्दल आदर ठेवून सांगतो, तो शहरातल्या शिकलेल्यांचा नेता होता. मजूर त्याच्या सभेला टाळ्या वाजवायला जायचा, मत द्यायला नाही, कारण मतच नव्हतं.

फेब्रुवारी १९५१ मध्ये संघटनेने सार्वत्रिक संप पुकारला. सरकारने गेरी आणि त्याचा साथी गॅस्कॉइन ब्लेझ यांना पकडून युद्धनौकेवर चढवलं आणि कॅरियाकूला नेऊन ठेवलं. लोक खवळले. मळ्यांवरच्या इमारती पेटल्या. रात्री आभाळ तांबडं दिसायचं, म्हणून त्या दिवसांना तिथे 'लाल आभाळ' म्हणतात. शेवटी गेरीला सोडावं लागलं, आणि शांत राहा हे सांगायला सरकारला त्यालाच रेडिओवर उभं करावं लागलं. मजुरी वाढली. त्याच वर्षी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळालं आणि १० ऑक्टोबरच्या निवडणुकीत गेरीच्या पक्षाने आठपैकी सहा जागा घेतल्या.

मालकासमोर टोपी काढून उभा राहणारा माणूस त्या वर्षी ताठ उभा राहिला. झेंडा बदलला तो तेवीस वर्षांनी. कुठला दिवस मोठा?

सागरवारा

संदीपराव, म्हणूनच माझं मत ठरत नाही म्हटलं. तुम्ही म्हणता तो गेरी खरा आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही 'अंकल गेरी' ऐकू येतं, प्रेमाने. पण तोच माणूस पुढे काय झाला तेही सांगितलं पाहिजे.

१९५७ मध्ये विरोधकांच्या सभेतून वाजतगाजत स्टीलबँड (पोलादी पिंपांचं वाद्यपथक) नेला म्हणून त्याचा निवडणुकीचा हक्क गेला. १९६१ मध्ये तो सत्तेवर परतला. वर्षभरात सरकारी पैशाच्या उधळपट्टीची चौकशी लागली आणि १९६२ मध्ये ब्रिटिश प्रशासकाने राज्यघटनाच स्थगित केली. त्या सप्टेंबरात हर्बर्ट ब्लेझचा (१९५१ चा गॅस्कॉइन ब्लेझ वेगळा) पक्ष दहापैकी सहा जागा जिंकून आला. त्यांचं आश्वासन होतं की ग्रेनेडा त्रिनिदादमध्ये विलीन करू. त्रिनिदाद नुकताच स्वतंत्र झालेला, तेलाचा पैसा, हजारो ग्रेनेडियन तिथे कामाला. लोकांना ते पटलं. पाच वर्षांत विलीनीकरण काही झालं नाही. १९६७ मध्ये गेरी पुन्हा निवडून आला आणि प्रीमियर झाला.

आता त्याच्या हाती पोलीस होते. १९७० मध्ये परिचारिकांनी रुग्णालयातल्या हलाखीविरुद्ध मोर्चा काढला. त्रिनिदादमध्ये तेव्हा काळ्यांच्या हक्कांची 'ब्लॅक पॉवर' चळवळ पेटलेली, त्यामुळे गेरी धास्तावलेला. त्याने आणीबाणीचे कायदे केले आणि गुंड भरती करून स्वतःचं दल उभं केलं. लोक त्याला 'मुंगूस टोळी' म्हणत.

नीलिमा_जो

मुंगूस? तिकडे कुठून आलं?

इतिहासवेडा

आपल्याकडून. १८७२ मध्ये उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून जमैकात नेली, तिथून इतर बेटांवर पसरली. कोंबड्या आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी खाऊन त्यांनी सगळीकडे उच्छाद मांडला.

केतकी_दे

मला एक कळत नाही. स्वातंत्र्य नको असं विरोधक कसं म्हणू शकतात? आणि लोकांना विचारलं नव्हतं का, सार्वमत वगैरे?

सागरवारा

केतकी, प्रश्न अगदी मुळाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सहयोगी राज्याला ब्रिटनपासून वेगळं व्हायचे कायद्यात दोन मार्ग होते. एक, बेटावर सार्वमत घेऊन दोन तृतीयांश पाठिंबा मिळवायचा. दुसरा, ब्रिटनने राजाज्ञा काढून नातं संपवायचं. गेरीने १९७२ च्या निवडणुकीत १५ पैकी १३ जागा जिंकल्या होत्या आणि स्वातंत्र्य त्याच्या जाहीरनाम्यात होतं, तेव्हा कौल मिळालाच आहे, असं त्याचं म्हणणं. मे १९७३ मध्ये लंडनला घटना परिषद झाली आणि ब्रिटनने दुसरा मार्ग धरला. सार्वमत झालं नाही.

विरोधात व्यापारी होते, चर्च होतं, शिक्षक होते, संघटना होत्या. त्यांनी बावीस संस्थांची एक समिती केली. आणि तरुणांचा नवा पक्ष होता, 'न्यू ज्युएल मूव्हमेंट', ११ मार्च १९७३ ला स्थापन झालेला. लंडनहून वकील होऊन आलेला मॉरिस बिशप आणि युनिसन व्हाइटमन हे त्याचे पुढारी. यांतले बहुतेक स्वातंत्र्याच्या विरोधात नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की या माणसाच्या हाती, या घाईने, लोकांना न विचारता नको. आज पोलीस मारतात तर वर लंडनला तक्रार तरी करता येते, उद्या कुणाकडे जायचं?

४ नोव्हेंबरला सीमूनच्या मैदानावर मोठी सभा भरली. गेरीने १८ तारखेपर्यंत पायउतार व्हावं, नाहीतर संप, असा ठराव झाला. १८ नोव्हेंबर १९७३, रविवार. बिशप, व्हाइटमन आणि आणखी चौघे ग्रेनव्हिलमध्ये व्यापाऱ्यांशी बोलायला गेले. पोलिसांनी त्यांना रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं, फुटलेल्या काचेने दाढ्या खरवडल्या आणि उपचार न करता कोठडीत डांबलं. तो तिथला 'रक्तरंजित रविवार'. चौकशीला जमैकाचे न्यायमूर्ती डफस आले, पण स्वातंत्र्याची तारीख पुढे गेली नाही.

जानेवारी १९७४ पासून संप. २१ जानेवारीला सेंट जॉर्जेसमध्ये मोर्च्यावर पोलीस आणि टोळी तुटून पडली. गोदी कामगार संघटनेच्या ऑटवे हाउसमध्ये बायका-मुलं आसऱ्याला शिरली होती. दारात रूपर्ट बिशप उभे होते, मॉरिसचे वडील. त्यांना गोळी घालून मारलं. पंधरवड्यानंतर स्वातंत्र्य! धक्का बंद, वीज आणि टेलिफोनचे कामगार संपावर, दुकानं ओस. आदल्या दिवशी मॉरिस बिशपला अटक झालेली. मध्यरात्री झेंडा चढला.

माझा तो धक्क्यावरचा म्हातारा त्या संपात होता. तो म्हणाला, झेंडा आमचाच होता, पण त्या रात्री घराबाहेर पडायची छाती झाली नाही.

संदीप_म

हे वाचून गप्प झालो. १९५१ बद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. तेव्हा ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं त्यांचीच पोरं १९७४ ला रस्त्यावर होती.

अनघा_पर्वरी

ग्रेनेडाशी आमच्या गोव्याची एक गाठ आहे, ती कुणी सांगितली नाही म्हणून लिहिते.

१९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलातल्या सरकारप्रमुखांची परिषद दिल्लीत भरली आणि मधले दिवस सगळे गोव्यात आले, आग्वादला. मी शाळेत होते. रस्ते गुळगुळीत झाले, भिंती रंगल्या. आम्हाला पाहुण्यांच्या गाड्या बघायची हौस. वडील वर्तमानपत्र वाचताना म्हणायचे की यांच्यात सगळा वाद ग्रेनेडावरून आहे. महिनाभरापूर्वी अमेरिकेने तिथे सैन्य उतरवलं होतं. ग्रेनेडाची राष्ट्रप्रमुख कागदोपत्री इंग्लंडची राणी, तरी थॅचरबाईंना विश्वासात न घेता. इंदिरा गांधी त्या वर्षी अलिप्त राष्ट्रांच्याही अध्यक्ष होत्या. स्वारीला हाक देणारी कॅरिबियन राष्ट्रं आणि तिचा निषेध करणारी राष्ट्रं एकाच टेबलाशी बसली होती. शेवटी बाहेरच्या फौजांनी निघावं आणि देश उभा करायला सगळ्यांनी मदत करावी, अशा भाषेवर तडजोड झाली.

आणि विलीनीकरणाचं वाचून मला आमचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवला. शेजारच्या मोठ्या राज्यात जायचं की वेगळं राहायचं? इथे आमच्या घरातच दोन मतं होती. पण आम्हाला निदान विचारलं होतं. ग्रेनेडाला १९७३ मध्ये कुणी विचारलं नाही, ते मला फार लागलं.

दिगंबर_स

१९७९ वगळून ही चर्चा पुरी होत नाही. १३ मार्च १९७९ ला गेरी परदेशी असताना मॉरिस बिशपच्या न्यू ज्युएलने लष्कराची छावणी आणि रेडिओ ताब्यात घेऊन सत्ता हाती घेतली. लोकांनी आनंदाने पोलीस चौक्यांवर पांढरी निशाणं लावून घेतली. ज्या किल्ल्याखाली रूपर्ट बिशप मारले गेले त्याला फोर्ट रूपर्ट नाव दिलं. साडेचार वर्षांत प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले, बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा झाला, क्यूबाच्या मदतीने पॉइंट सलीन्सला विमानतळ उभा राहू लागला. लाखभर लोकांचा देश महासत्तेच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. आम्ही हे भारावून वाचायचो. माझ्या मते खरं स्वातंत्र्य ते.

मृण्मयी_क

दिगंबरकाका, भारावणं समजू शकते. पण त्या साडेचार वर्षांत एकदाही निवडणूक झाली नाही. 'टॉर्चलाइट' हे वर्तमानपत्र १९७९ मध्येच बंद केलं. कित्येकांना खटल्याशिवाय डांबलं. गेरीने विचारलं नाही म्हणून आपण त्याला दोष देतो, मग हाच प्रश्न बिशपना का नको? आणि शेवटी त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांना नजरकैदेत टाकलं. १९ ऑक्टोबर १९८३ ला लोकांनी त्यांना सोडवून त्याच किल्ल्यावर नेलं, आणि लष्कराने भिंतीशी उभं करून बिशप, व्हाइटमन, जॅकलीन क्रेफ्ट आणि आणखी काहींना गोळ्या घातल्या. जमावातलेही लोक मेले. सहा दिवसांनी अमेरिका. सुमारे ७,००० सैनिक, आणि बॉम्ब पडला तो मनोरुग्णालयावरही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी निषेध केला. त्याने मेलेले परत आले नाहीत.

इतिहासवेडा

१९ ऑक्टोबर. मॅरिशोची पुण्यतिथी. बरोब्बर २५ वर्षं.

दिगंबर_स

मृण्मयी, तुझा मुद्दा खोडता येत नाही. आम्ही तेव्हा निवडणुकीचा प्रश्न विचारला नाही, विचारायला हवा होता. विमानतळाचं मात्र पुढे ऐक. ज्या धावपट्टीला अमेरिकेने लष्करी तळ म्हटलं, ती स्वारीनंतर अमेरिकेच्याच पैशाने पुरी झाली. १९८४ पासून तिथे पर्यटकांची विमानं उतरतात. २००९ मध्ये तिला मॉरिस बिशपचं नाव दिलं.

केतकी_दे

माझी भाची तिथल्या वैद्यकीय विद्यापीठात शिकते. तेच, ज्याच्या अमेरिकन विद्यार्थ्यांना वाचवण्याचं कारण स्वारीसाठी पुढे केलं होतं. हा धागा तिला पाठवला. ती म्हणते, ७ फेब्रुवारीला सगळं गाव लाल-पिवळं-हिरवं होतं, शाळांची संचलनं निघतात, घराघरात फणसासारखं ब्रेडफ्रूट (आपलं नीरफणस) नारळाच्या दुधात शिजतं. २५ ऑक्टोबरला, स्वारीच्या तारखेला, 'आभार दिना'ची सुट्टी असते. आणि अलीकडे १९ ऑक्टोबरलाही राष्ट्रीय वीरांच्या नावाने सुट्टी सुरू झाली आहे. तिची घरमालकीण २५ ला चर्चमध्ये जाते. समोरची म्हातारी त्या दिवशी दार लावून बसते. दोघी रोज एकमेकींना भाजी देतात.

राजा अजून चार्ल्सच का, असंही तिने विचारलंय.

इतिहासवेडा

लोकांनीच अजून घटना बदलू दिलेली नाही. २०१६ मध्ये दुरुस्त्यांवर सार्वमत झालं, २०१८ मध्ये शेवटच्या अपिलासाठी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलऐवजी कॅरिबियन न्यायालय घ्यावं का यावर झालं. दोन्ही वेळा नाही. १९७३-७४ चा अनुभव पाहता सत्ताधाऱ्यांनी आणलेल्या बदलाकडे लोक जपून बघतात, असं मला वाटतं.

बागायतदार_लांजा

बिशपचं स्मारक कुठे आहे तिथे?

सागरवारा

दफनभूमीत नाही. मृतदेह मिळालेच नाहीत, घरचे लोक अजून विचारतात. मी गेलो ते किल्ल्यावर. आतल्या चौकात भिंतीला मारलेल्यांच्या नावांची पाटी आहे. फ्रेंचांच्या वेळी तो फोर्ट रॉयल होता, इंग्रजांनी फोर्ट जॉर्ज केला, १९७९ मध्ये फोर्ट रूपर्ट झाला, १९८३ नंतर पुन्हा फोर्ट जॉर्ज. मला वर घेऊन जाणारा टॅक्सीवाला माझ्याच वयाचा होता. तो सबंध वाटेत त्याला नुसतं 'फोर्ट' म्हणत होता.

कॅरियाकूबद्दल वेगळा धागा काढतो. तिथली लाकडी गलबतं बांधायची पद्धत बघून मला आमच्या दाभोळ खाडीची आठवण झाली होती.